तांबेऱ्याचं साल

शिरूरकडचे आबा म्हणायचे, तांबेरा आभाळातून येतो. दौंडकडचे अण्णा म्हणायचे, आभाळाला उगाच बोल लावू नका, बी थकलं की तांबेरा येतो. आबा माझ्या वडिलांचे वडील, अण्णा आईचे. दोघे व्याही, त्यामुळं एकमेकांना 'पाहुणं' म्हणत अदबीनं भांडायचे. लग्नाकार्यात, जत्रेत, रांजणगावच्या गणपतीला एकत्र आले की जेवणं उरकून सुपारी कातरायला बसायचे आणि बोलणं पावसापाण्यावरून गव्हावर यायचं. गहू निघाला की तांबेरा निघायचाच. आजी आतून ऐकायची आणि शेवटी एवढंच म्हणायची, "खपली पेरा की मग. तिला तांबेरा लागलेला बघितलाय का कुणी?" यावर दोघे व्याही गप्प. खपली पेरली की घरात काय होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं.

लहानपणी ही तीन मतं मी घरातली कुरबुर म्हणून ऐकली. पुढं वाचनाची सवय लागल्यावर ध्यानात आलं की गव्हाच्या तांबेऱ्यावर आपल्या देशात शंभर वर्षं जे काम झालं, ते याच तीन मतांना धरून झालं आहे. आभाळ, बी आणि खपली. तिघांपैकी कुणीही शाळेची पायरी फारशी चढलेलं नव्हतं.

शिरूर आणि दौंड हे शेजारी तालुके. दोघांच्या मधून भीमा वाहते, तिकडं शिरूरच्या पलीकडच्या अंगाला घोड. सह्याद्रीनं पाऊस अडवल्यावर जो उरतो तो इकडं येतो, म्हणून हा मुलूख मुळात बाजरीचा आणि शाळूचा. दौंडच्या बाजूला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खडकवासल्याचा कालवा आला. शिरूरकडं घोड नदीवर चिंचणीचं धरण व्हायला विसाव्या शतकातली साठी उजाडली. तोवर गहू व्हायचा तो मोटेच्या पाण्यावर, विहिरीजवळच्या चार वाफ्यांत, नाहीतर नदीकाठच्या मळईत ओलीवर. घरात रोज भाकरी. गहू म्हणजे होळीची पोळी, उन्हाळ्यातल्या शेवया-कुरडया आणि जावई आला तर चपाती. पीक एवढंसं, पण मान मोठा. ज्वारी गेली तर पोट जायचं, गहू गेला तर सण जायचा आणि चार चौघांत मान खाली जायची.

आबांच्या तोंडी एक साल सारखं यायचं. तारीख-वार त्यांना सांगता यायचा नाही. 'इंग्रज जायच्या आधीचा हिवाळा' एवढंच. त्या वर्षी दिवाळीनंतर आभाळ हटेना. पाऊस पडून गेला, पुन्हा ढग, सकाळी धुई, गव्हाच्या पातीवर उन्हं वर येईतो दहिवर. गहू मात्र असा फोफावला होता की येणारा-जाणारा बांधावर थांबून बघायचा. मग पोटरीत असतानाच पानांवर विटकरी ठिपके दिसले. बोट फिरवलं की बोटाला पूड. पुढं ऊन तापायला लागलं तसं खोडावर लांबट फोड उठले, फोडांच्या कडेला साल फाटून आलेली. आबा पाण्याची पाळी द्यायला वाफ्यातून फिरले आणि बाहेर आले तेव्हा त्यांचं पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत गेरूत बुडवल्यासारखं झालेलं. आजीनं ते नदीवर धुतलं. ती म्हणायची, "डाग निघाला, पण त्या दिवसापास्नं गव्हाकडं बघवंना."

खरं दुःख पुढं खळ्यावर होतं. पात धरून मळणी केली, आबा तिवईवर उभे राहिले आणि पाटी वाऱ्यावर धरली, तर दाणा खाली पडेना. भुसा जिकडं उडाला तिकडंच दाणाही गेला. सगळा गहू पोचट, सुरकुतलेला, जिऱ्याला लाज आणील इतका बारीक. तांबेऱ्याची बुरशी पानाखोडातलं अन्न खाते. त्यात खोडाची साल ठिकठिकाणी फाटल्यानं झाडातलं पाणीही उडून जातं, मग ओंबीतला दाणा भरणार कशानं? हे मला पुस्तकातून कळलं. आबांनी ते वाऱ्यावर पाटी धरून बघितलं होतं.

पुढं कधीतरी वाचताना १९४६-४७ हे साल समोर आलं. त्या हिवाळ्यात मध्य हिंदुस्थानात काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली आणि सुमारे २० लाख टन गहू बुडाला, असा अंदाज नोंदलेला आहे. बंगालचा दुष्काळ होऊन तीन-चार वर्षंच झाली होती, शहरांतून रेशन चालू होतं आणि त्यात हा घाव. आबांचं 'इंग्रज जायच्या आधीचा हिवाळा' मला तिथं सापडलं. घरातली आठवण आणि छापील साल असं एका ओळीत आलं की आपल्या माणसांकडं नव्यानं बघावंसं वाटतं.

गाव मात्र तेव्हा वेगळंच काही बोलत होतं. कुणी म्हणालं, देवीचा नवस राहिला. कुणी म्हणालं, अमक्यानं भावाची जमीन लाटली त्याचं हे फळ. यात आमचंच गाव भोळं होतं असं नाही. शंभरेक वर्षं आधी, १८२० ते १८३० च्या सुमाराला, नर्मदेच्या खोऱ्यात लागोपाठ तांबेरा आला, तेव्हा तिथला इंग्रज अधिकारी स्लीमन यानं लोक काय म्हणतात ते लिहून ठेवलं. कुणी गोमांस खाण्याला दोष दिला, कुणी व्यभिचाराला, कुणी कंपनी सरकारनं चालवलेल्या जमीनमोजणीला. शेतावर आलेलं संकट दिसतं, पण त्याचा येण्याचा रस्ता दिसत नाही. मग माणूस तो रस्ता आपल्या किंवा शेजाऱ्याच्या पापातून काढतो.

आणि पापाचं जाऊ द्या, कर्ज तर खरंच असायचं. आमच्या भागाला सावकारीची जुनी ओळख आहे. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात १८७४ च्या अखेरीस सावकारांवर बहिष्कार पडला आणि पुढच्या वर्षी १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात खतं-कागद जाळले गेले. तेव्हा सुपं आणि दौंडकडची गावं एकाच भीमथडी तालुक्यात होती. अण्णांच्या घरात ती गोष्ट आजोबांकडून नातवांकडं येत राहिली. तिच्यात तांबेरा नव्हता, पण अण्णा तो घालायचेच. "पिकाची खात्री नसली की सावकाराची खात्री वाढती," असं त्यांचं म्हणणं. इतिहास म्हणून तो जोड कच्चा असेल, हिशेब म्हणून पक्का होता. बैल, बी, मोटेचं चामडं हे सगळं पेरणीआधी उधारीवर आणलेलं. दाणा भुशाबरोबर उडाला तरी ती उधारी उडत नसे.

आता आबांचं आभाळ. आग्र्याच्या कॉलेजात करमचंद मेहता नावाचे वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता: मार्च-एप्रिलात गहू निघतो, मग मैदानात उन्हाळ्याचा वणवा असतो, त्या उन्हात तांबेऱ्याची पूड जिवंत राहत नाही. मग पुढच्या हिवाळ्यात तांबेरा येतो कुठून? युरोप-अमेरिकेत याला बार्बेरीचं झुडूप जबाबदार असतं, बुरशीचा अर्धा जन्म त्याच्यावर जातो. आपल्याकडं डोंगरात बार्बेरी आहे, पण मेहतांना तिचा हात दिसला नाही. वर्षानुवर्षं डोंगर पालथे घालून त्यांनी दाखवलं की दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या टेकड्या, उत्तरेत हिमालय, अशा थंड जागी गहू वेगळ्या हंगामात उभा असतो आणि तांबेरा तिथं उन्हाळा काढतो. तिथून त्याचे बीजाणू वाऱ्यावर मैदानात उतरतात. १९४० साली हे सगळं त्यांनी सविस्तर छापलं. म्हणजे आबांच्या धोतरावर तांबेरा चढला, त्याच्या सहा-सात वर्षं आधी त्याचा पत्ता कागदावर आलेला होता. आमच्या गावापर्यंत तो आला नव्हता, एवढंच.

पुढचा धागा १९७० च्या दशकात एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पकडला. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं होतात, ती दक्षिण भारत ओलांडतात आणि पुढं त्यांचा पाऊस मध्य भारतापर्यंत येतो. हवेचा दाब आणि वाऱ्याची दिशा जुळून आली तर निलगिरीवर उठलेले बीजाणू त्या वाऱ्यात वर चढतात आणि पावसाच्या थेंबाबरोबर शेकडो मैलांवरच्या गव्हावर उतरतात. त्यांनी पावसाचं पाणी धरून त्यात बीजाणू आहेत का ते बघितलं आणि हवामानाच्या नकाशावरून साथीचा अंदाज बांधायचे नियम बसवले. निलगिरीपासून दौंड सरळ रेषेत सातआठशे किलोमीटर. दिवाळीनंतर न हटणारं आभाळ, अवेळी पाऊस, मग तांबेरा, हा क्रम आबांना पाठ होता. आभाळ काय घेऊन येतं ते त्यांना माहीत नव्हतं. घेऊन येतं, हे माहीत होतं.

एकदा उतरला की पुढचं काम दहिवर करतं. पान काही तास ओलं राहिलं की बीजाणू रुजतो, दहाबारा दिवसांत फोड येतो आणि एकेका फोडातून रोज हजारो नवे बीजाणू उडतात. आपल्याकडं पानावरचा नारिंगी-विटकरी तांबेरा आधी येतो, त्याला गारवा मानवतो. खोडावरचा काळा तांबेरा ऊन वाढल्यावर जोर धरतो. तिसरा पिवळा, तो पंजाब-हिमाचलाचा. आपल्या मैदानातलं ऊन त्याला सोसत नाही. शिरूर-दौंडच्या उन्हानं आम्हांला दिलेलं हे एक दान.

आजीच्या खपलीकडं येते. खपली हा गव्हाचा फार जुना भाऊबंद. त्याच्या दाण्यावर टरफल घट्ट बसलेलं असतं, मळणीत ते सुटत नाही. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकाच्या सीमेवर हा गहू पूर्वापार होता, खिरीसाठी आणि पोळीसाठी. आजी विहिरीच्या वाफ्यांच्या कडेनं खपलीच्या दोन ओळी हट्टानं टाकायची. आत बन्सी, कडेला खपली. तांबेऱ्याच्या साली बन्सी विटकरी झाली आणि खपली हिरवीच्या हिरवी उभी राहिली. एकाच रानात, एकाच पाण्यावर, एकाच आभाळाखाली दोन वाण शेजारी लावून रोगात कोण टिकतो ते बघायचं, याला आज चाचणी म्हणतात. आजी त्याला काहीच म्हणत नसे.

गंमत पुढं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातला हा खपली अमेरिकेच्या कृषी खात्याकडं गेला. मिनेसोटात एल्विन स्टॅकमन हे काळ्या तांबेऱ्यावर काम करत होते. तांबेऱ्याची बुरशी एकच नाही, तिच्यात अनेक जाती आहेत, आणि कोणती जात कोणत्या गव्हाला लागते यावरून ती ओळखता येते, हे त्यांच्या गटानं दाखवलं. त्या ओळखपरेडीसाठी १९२२ साली त्यांनी बारा गहू ठरवले. पुढं कित्येक वर्षं जगभर तांबेरा ओळखला गेला तो त्या बारा गव्हांवर. त्यात मार्क्विस, मिंडम, कुबांका ही नावं आहेत आणि बारावं नाव आहे खपली. त्याच नावानं, काही न बदलता. त्याच्यातली एसआर-१३ आणि एसआर-१४ ही प्रतिकारक जनुकं पुढं ओळखली गेली, आणि २०१७ साली त्यातलं एसआर-१३ शास्त्रज्ञांनी नेमकं वेगळं काढून दाखवलं.

मग दोघे व्याही खपलीचं नाव निघालं की गप्प का व्हायचे? कारण टरफल. खपली घरात आली की उखळ-मुसळ बाहेर यायचं. बायकांनी पहाटे उठून ती कांडायची, पाखडायची, पुन्हा कांडायची, तेव्हा कुठं चार मापटी दाणे निघायचे. उतारही कमी. बाजारात बन्सीला गिऱ्हाईक, खपलीला नाही. आजी हाताचे घट्टे दाखवून म्हणायची, "खपली तांबेऱ्याला भीत नाही आणि मी खपलीला भिते." दोन ओळींच्या पुढं तिनंही कधी पेरली नाही. रोगाला दाद न देणारं पीक होतं, पण त्याची किंमत घरातल्या बाईच्या खांद्यातून वसूल व्हायची. आज पुण्यात खपलीचं पीठ चढ्या भावानं विकलं जातं, कारण टरफल काढायला यंत्र आलं. तांबेऱ्याला न जुमानणारं बी फुकट मिळत नाही, हे मी पहिल्यांदा शिकले ते आजीच्या हातांवरून.

राहिलं अण्णांचं थकलेलं बी. अण्णा म्हणायचे, नवीन बियाणं आलं की चार-सहा वर्षं झकास, मग ते थकतं आणि तांबेरा त्याला धरतो. त्यांच्या हयातीतला गव्हाचा इतिहास बघितला तर हे अक्षरशः खरं आहे. निफाडला १९३२ पासून गव्हाचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या गव्हाचा केनियातल्या तांबेरा-प्रतिकारक गव्हाशी संकर करून केनफाड नावाचे वाण निघाले, ते अण्णांनी पेरले. मग साठीच्या दशकात मेक्सिकोचे बुटके गहू आले. नॉर्मन बोरलॉग यांनी तिकडं काळ्या तांबेऱ्याशी झुंजतच ते घडवले होते. त्यांच्या रक्तातून आपल्याकडं कल्याणसोना, सोनालिका झाले. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून मिलो आणि सुकडी खाल्लेल्या आमच्या लोकांना कल्याणसोनाच्या लोंब्या बघून भरून आलं होतं. पण त्याच दशकात पानावरच्या तांबेऱ्यानं कल्याणसोनाला गाठलं. पुढं गुजरातच्या सणोसऱ्याहून लोक-१ आला, दिल्लीचा एचडी २१८९ आला, निफाडचे त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती, फुले समाधान आले. येणं-जाणं चालूच राहिलं.

फक्त थकत होतं ते बी नव्हतं. दाणा तोच, झाड तेच. बदलत होती बुरशी. लाखो एकरांवर एकच वाण उभा राहिला की त्याच्यावर जगू शकणारी एखादी नवी जात कोट्यवधी बीजाणूंमधून निघतेच. एकदा निघाली की तिला सगळं रान मोकळं. बाकीच्या जाती उपाशी मरतात आणि हिची भरभराट होते. म्हणून शेतकऱ्याला वाटतं, आपलं बी दमलं. खरं तर त्या बियाचं कुलूप तेच राहिलं होतं, किल्ली दुसऱ्या कुणाकडं तयार झाली होती. १९९९ साली युगांडातल्या अशाच एका जातीला युग-९९ हे नाव मिळालं. जगातल्या अनेक गव्हांची भिस्त एसआर-३१ या एका जनुकावर होती, ते तिनं निकामी केलं. तेव्हा आपल्याकडचे वाणही केनियात न्जोरोला नेऊन तिच्यापुढं उभे केले गेले. खपलीतलं एसआर-१३ त्या कुळाविरुद्ध उपयोगी ठरलेल्या जनुकांपैकी एक.

हे सारं मला इतकं बारकाईनं कळलं ते माझ्या भाच्यामुळं. तो शेतीचं शिकतो. त्यानं आमच्या शिरूरच्या रानात आणि मामांच्या दौंडच्या रानात, दोन्हीकडं, निरनिराळ्या गव्हांच्या ओळी टाकल्या आणि मला बांधावर वही धरायला बसवलं. महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, तिथल्या थंड, ओल्या हवेत तांबेरा चांगला पोसतो. तिथं आणि निफाडला जे चालतं ते त्यानं मला समजावून सांगितलं. चाचणीच्या गव्हाभोवती हमखास रोगी पडणाऱ्या वाणाच्या ओळी पेरतात. संध्याकाळी, गारवा धरल्यावर, बीजाणू पाण्यात कालवून त्या ओळींवर फवारतात. गहू पोटरीत आला असेल तर सुईनं खोडात टोचतात. मग वारंवार पाणी देऊन रान ओलं ठेवतात. गावातला शेतकरी जे होऊ नये म्हणून देवाला हात जोडतो, ते तिथं मजूर लावून, बिल फाडून घडवून आणतात. रोगी ओळ चांगली लाल झाली नाही तर चाचणी फुकट, कारण शेजारचा वाण टिकला तो स्वतःच्या ताकदीवर की रोग आलाच नाही म्हणून, हे कळायचं कसं?

शेतकऱ्याच्या रानात अर्थात रोग सोडायचा नसतो, तिथं वाऱ्यानं येईल तेवढाच मोजायचा. पण रोगाला बळी पडणारी एक ओळ लागतेच, आलाच तर तिथं आधी दिसावा म्हणून. भाच्यानं त्यासाठी 'आग्रा लोकल' हा जुना वाण टाकला आणि ओळीपुढं पाटी ठोकली. दौंडच्या बांधावरचे शेजारी काका पाटी वाचून म्हणाले, "आमची पुणे-दौंड लोकल मागून मागून आम्ही म्हातारं झालो, ही आग्र्याची कुठनं आली?" ओळ कशासाठी आहे ते ऐकल्यावर मात्र त्यांचं हसू गेलं. "म्हंजी आमच्या बांधाला तांबेरा पेरतोस व्हय रे?" भाच्यानं त्यांना समजावलं, काका, एवढ्या ओळीनं तुमच्यावर रोग येत नाही. यायचाच असेल तर तो निलगिरीवरून निघालाय, फक्त तो आलाय हे ही ओळ तुम्हांला चार दिवस आधी सांगेल.

मोजणी कशी करतात ते मी तिथंच बघितलं. भाचा एक पान अंगठा आणि तर्जनीत ताणून धरायचा, उन्हाकडं करून फोडांचा पसारा निरखायचा आणि दोन गोष्टी सांगायचा: एक आकडा, एक अक्षर. आकडा पानाचा किती भाग व्यापला त्याचा. ही मोजपट्टी कॉब नावाच्या माणसानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियात काढली आणि १९४८ साली ती सुधारली गेली. तिच्यात पानाचा ३७ टक्के भाग फोडांनी भरला की शंभर धरतात, कारण पानावर फोड त्याहून दाट मावतच नाहीत. अक्षर फोडाच्या स्वभावाचं. फोड मोठा, मोकळा, भोवती पान हिरवंच असेल तर 'एस', म्हणजे झाडानं हात टेकले. फोड इवलासा आणि भोवती पान पिवळं, वाळलेलं असेल तर 'आर' किंवा 'एमआर'. तिथं झाडानं आपलाच तेवढा तुकडा मारून टाकून बुरशीला उपाशी ठेवलेलं असतं. मग आकड्याला अक्षराच्या वजनानं गुणायचं: 'एस'ला १, 'एमएस'ला ०.८, 'एमआर'ला ०.४, 'आर'ला ०.२. चाळीस एस म्हणजे ४०, पण चाळीस एमआर म्हणजे १६. बांधावरून दोन्ही पानं सारखीच डागाळलेली दिसतात. आबांनी दोन्ही वाफ्यांना एकच शिवी दिली असती.

अशी वाचनं एकाच रानाची घेऊन भागत नाही. महाबळेश्वर, निफाड, धारवाड, बारामतीजवळ होळला आघारकर संस्थेचं शेत, निलगिरीतलं वेलिंग्टन, अशी जागोजागची वाचनं एकत्र करून वाणाचा निकाल लागतो. आघारकर संस्थेचं मूळ म्हणजे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ साली पुण्यात स्थापन केलेली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी. आबा पोचट गहू उफणत होते त्याच हंगामाच्या आगेमागे ती उभी राहिली आणि पुढं तिथून एमएसीएस २४९६, ६२२२, ६४७८ असे गहू आमच्या रानात आले.

आज शिरूर-दौंडमध्ये तांबेऱ्यानं गहू बुडाल्याची गोष्ट तरुणांना सांगितली तर ते मोबाइलमधून मान वर करत नाहीत. ऊस आहे, कांदा आहे, गव्हाचं एवढं कुणाला? उसाचा खोडवा मोडून डिसेंबरात उशिरा गहू टाकतात. तो तापत्या उन्हात दाणा भरतो, काळ्या तांबेऱ्याला सोयीचा होतो. साथ येत नाही म्हणून ती नाहीच असं वाटतं. ती येत नाही, कारण कुणीतरी दर हिवाळ्यात महाबळेश्वरच्या धुक्यात रोगी गहू जोपासतो, पानं ताणून वाचतो आणि शंभरातले नव्वद वाण फेकून देतो. आजीच्या खांद्यांनी जी किंमत दिली, ती आता त्या ओळी देतात. किंमत द्यायची थांबली असं कधीच झालं नाही.

हंगाम संपताना शेजारी काका पुन्हा बांधावर आले. आग्रा लोकल लाल झालेली त्यांनी बघितली होती, तिला लागून असलेल्या दोन ओळी हिरव्या राहिलेल्याही बघितल्या होत्या.

"तुझी वही ऱ्हाऊ दे," ते भाच्याला म्हणाले. "पुढच्या साली सगळ्या रानात टाकायला एक नाव सांग."

"दोन सांगतो काका. अर्धं हे, अर्धं ते. आणि शेजाऱ्यानं जे टाकलंय ते तुम्ही टाकू नका."

"आणि हे किती वर्षं चालायचं?"

"तांबेऱ्याला नवी किल्ली सापडेपर्यंत. दर साली येऊन विचारत जा."

काका माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमच्या अण्णांवर गेलाय. सरळ एक उत्तर द्यायचं नाही म्हंजी नाही." मग दोन्ही नावं त्यांनी दोनदा म्हणवून घेतली आणि पाकिटातल्या एसटीच्या तिकिटामागं लिहून घेतली.